पोर्शियाचा गळा

माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकाने सोळाव्या शतकातल्या युरोपीय राजस्त्रियांच्या पोशाखाचा गळा किती खोल होता, या प्रश्नाच्या मागे सहा वर्षे लागावे, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. आमच्या घरातही ते तसेच वाटते. ‘निवृत्तीनंतर शिवणाचे दुकान टाकायचा विचार आहे का?’ असे सौ.ने एकदा विचारलेही. परंतु या प्रश्नाचे मूळ कापडात नाही. मी एका विद्यार्थिनीला दिलेल्या उत्तरात ते आहे, आणि ते उत्तर खरे होते की खोटे, हे मला पंचवीसहून अधिक वर्षे ठरवता आलेले नव्हते.

१९९८ सालची गोष्ट. मी तेव्हा इंग्रजीचा शिक्षक होतो. स्नेहसंमेलनात मराठी नाटक व्हायचे, कन्नड गीते व्हायची. त्या वर्षी इंग्रजीतलाही एखादा प्रवेश व्हावा अशी टूम निघाली आणि मी शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला तीन पेट्यांचा प्रवेश बसवायला घेतला. सोने, चांदी आणि शिसे यांच्या तीन पेट्या; ज्या पेटीत पोर्शियाचे चित्र असेल ती उघडणाऱ्याला पोर्शिया मिळायची. पोर्शियाचे काम करणारी मुलगी नववीतली. तिची चित्रकला उत्तम. पेटीत ठेवायचे चित्र तिने स्वतःच काढले आणि त्याच चित्राबरहुकूम आपला पोशाख शिवावा असे शिवणाच्या बाईंना सांगितले. बाई कापड पसरून, खडू हातात घेऊन बसल्या होत्या, पण कात्री चालवण्यापूर्वी त्यांनी ते चित्र माझ्याकडे पाठवले.

चित्रातल्या पोर्शियाचा गळा चौकोनी होता, खांद्यापासून खांद्यापर्यंत रुंद, आणि बराच खाली आलेला.

त्या कागदाकडे पाहताना मला पोर्शिया दिसलीच नाही. दिसली ती पहिली रांग. संस्थेचे चालक, मुलीचे वडील, शेजारच्या शाळेचे हेडमास्तर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला गेल्यावर कानावर येणारी बोलणी. मी चित्र परत दिले आणि म्हणालो, ‘हा गळा चुकीचा आहे. त्या काळी राजघराण्यातल्या बायका गळाबंदच कपडे घालत.’

मुलीने विचारले, ‘सर, कुठल्या चित्रात?’

‘पुष्कळ चित्रांत आहे,’ असे मी म्हणालो. पुष्कळ राहू द्या, त्या दृष्टीने मी तोवर एकही चित्र पाहिलेले नव्हते.

गळा हनुवटीपर्यंत बंद झाला, त्याला लेस लागली, प्रवेश चांगला वठला. त्याचे छायाचित्र आमच्या वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात अजून आहे. त्याखाली त्या वेळच्या चित्रकला शिक्षकांनी सुबक अक्षरांत लिहिले: ‘सोळाव्या शतकातील इटालियन राजवेष’. सहा वर्षांपूर्वी रंगकामासाठी भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या, तेव्हा ती ओळ पुष्कळ वर्षांनी पुन्हा जवळून वाचली आणि त्या मुलीचा प्रश्न जसाच्या तसा आठवला. कुठल्या चित्रात?

गळा बंद केला याचे मला वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चौदा वर्षांच्या मुलीला उघड्या रंगमंचावर अवघडल्यासारखे होऊ नये, यासाठी मी आजही तो बंद करीन. जिवंत मुलीचा संकोच मेलेल्या राणीच्या पोशाखापेक्षा मोठा आहे. पण तसे म्हणायला मला कुणी अडवले होते? ‘आपल्या गावात हे चालणार नाही, आणि लोकांना तोंड देण्याचे धैर्य माझ्यात नाही,’ हे खरे उत्तर होते. त्या उत्तरावर ती वाद घालू शकली असती, रुसली असती, कदाचित मला लाजवले असते. मी माझी भीती इतिहासाच्या तोंडून वदवली, आणि इतिहासापुढे नववीतली मुलगी काय बोलणार?

म्हणून निदान आता तरी तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधावे, असे ठरवले. वाटले होते, महिनाभरात होईल.

प्रारंभ चित्रांपासूनच केला. फ्लॉरेन्सच्या उफ्फीझी संग्रहालयात ब्राँझिनो या चित्रकाराने सुमारे १५४५ मध्ये रंगवलेले एलिओनोरा दी तोलेदो हिचे चित्र आहे. ही नेपल्सच्या स्पॅनिश व्हाइसरॉयची मुलगी. १५३९ मध्ये फ्लॉरेन्सच्या कोझिमो मेदिचीशी तिचे लग्न झाले. चित्रात शेजारी तिचा लहान मुलगा उभा आहे. एका जुन्या पुस्तकातल्या काळ्यापांढऱ्या छपाईत मी ते प्रथम पाहिले. चौकोनी, रुंद गळा, खांदे उघडे. झाले! मुलीचेच चित्र बरोबर होते. पुढे त्याच चित्राची रंगीत, मोठी प्रत पाहिली, तेव्हा त्या ‘उघड्या’ खांद्यांवर सोन्याच्या तारेची जाळी निघाली आणि जाळीच्या गाठीगाठीला मोती! माझ्या पुस्तकातल्या काळ्या शाईने ती जाळी गिळून टाकली होती.

या खांद्यावरच्या तुकड्याला इंग्रजीत पार्टलेट म्हणतात. मुख्य पोशाखाचा गळा कापलेला असतो खोलच. पण त्याच्या वर, खांदे आणि गळ्याखालचा भाग झाकणारा हा वेगळा तुकडा असतो. कधी जाळीचा, कधी तलम रेशमाचा किंवा कापडाचा, कधी इतका झिरझिरीत की चित्रात त्याची फक्त कड दिसावी. शिवाय आत पांढरा सदरा असतोच, त्याची चुणीदार किनार वर डोकावते. राफाएलने रंगवलेल्या मादालेना दोनीच्या खांद्यावर असेच पारदर्शक वस्त्र आहे. घाईने पाहणाऱ्याला ते दिसत नाही. जुन्या वस्त्रांच्या याद्यांत पार्टलेटची नोंद झग्याबरोबर होत नाही, ती वेगळी होते. तेव्हा नुसता झगा मोजून ‘गळा इतका खोल होता’ असे लिहिणारा कापडापुरता खरा बोलतो. त्या बाईला लोकांनी कसे पाहिले, हे मात्र त्याला कळत नाही.

मोनालिसाचेच पाहा. जगात सर्वांत अधिक न्याहाळलेली ही स्त्री. २००४ मध्ये कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी लूव्र संग्रहालयात या चित्राची त्रिमितीय आणि अवरक्त किरणांनी तपासणी केली. २००६ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा कळले की तिच्या पोशाखावर, गळ्यापाशी जोडलेले एक अतितलम वस्त्र आहे; वार्निशाच्या थरांखाली ते नजरेआड गेले होते. गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया त्या काळी असे वस्त्र घालत, असे तपासणाऱ्यांचे मत पडले. पाचशे वर्षे लोक तिच्या हसण्याचा अर्थ लावत होते आणि तिच्या गळ्याशी काय आहे, हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

चित्र हा साक्षीदार आहे खरा, पण वेतन घेणारा साक्षीदार आहे. मान्तुआची इझाबेला देस्ते ही १४७४ ची. टिशियनने १५३४ ते १५३६ च्या दरम्यान तिचे चित्र केले, तेव्हा ती साठीला आलेली. चित्रात मात्र विशीतली तरुणी बसली आहे, कारण टिशियनला नमुना म्हणून दिले होते ते पंचवीसएक वर्षांपूर्वीचे दुसऱ्या चित्रकाराचे चित्र. चेहरा एका काळचा, चित्र दुसऱ्या काळचे. आता त्या गळ्यावरून कोणते साल सांगायचे? यावर उपाय एकच, प्रत्यक्ष कपडा पाहणे. जॅनेट अर्नोल्ड या इंग्रज विदुषीने तेच केले. संग्रहालयांतून उरलेले झगे, चोळ्या, सदरे तिने टाक्याटाक्याने तपासले, ग्राफ कागदावर उतरवले आणि १५६० ते १६२० या काळातल्या कपड्यांच्या बेतणीचे पुस्तक १९८५ मध्ये प्रसिद्ध केले. आमच्या शिवणाच्या बाईंना ते दाखवता आले असते तर त्या दोन दिवस जेवल्या नसत्या. अस्तर कुठे, शिवण कुठे, दोरी ओवायची भोके कुठे, सारे त्यात आहे.

एलिओनोराचाही कपडा उरला आहे. १५६२ मध्ये ती वारली. ब्राँझिनोच्या चित्रातला तो वैभवशाली पोशाख अंगावर घालूनच तिला पुरले, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. पुस्तकांतूनही छापले गेले. १९४७ मध्ये थडग्यातून बाहेर काढलेल्या चिंध्या पुढे अनेक वर्षे खपून तज्ज्ञांनी स्वच्छ केल्या, जुळवल्या आणि फ्लॉरेन्सच्या पिट्टी राजवाड्यात मांडल्या. तो झगा निराळाच निघाला: साध्या साटिनचा, मखमली पट्ट्यांवर भरतकाम केलेला. चित्रातला नव्हेच. सांगणाऱ्यांपैकी कुणी खोटारडा नव्हता. गोष्ट सुंदर होती, एवढेच. आणि सुंदर गोष्टीला ‘कुठल्या चित्रात?’ असे विचारायचे सहसा कुणाला सुचत नाही.

शोधात इथवर आल्यावर मला एक धक्का बसला. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या दरबारातल्या स्त्रियांची चित्रे हाती आली. काळेभोर पोशाख, हनुवटीपर्यंत बंद गळा, वर लहानशी चुणीदार कॉलर. सोळाव्या शतकातल्याच राजस्त्रिया, आणि गळाबंदच! इटलीतली सोफोनिस्बा आंग्विस्सोला ही चित्रकर्ती १५५९ मध्ये माद्रिदच्या दरबारी गेली; तिने १५५४ मध्ये काढलेल्या स्वतःच्या चित्रातही गळा बंद आहे. म्हणजे १९९८ साली मी जे सांगितले ते खरेच होते! निदान एका दरबारापुरते तरी. नाटकात पोर्शियाला मागणी घालायला स्पेनमधल्या अॅरागॉनचा राजपुत्र येतो. त्याच्या बहिणीचा कपडा मी पोर्शियाला चढवला होता, असे फार तर म्हणता येईल.

क्षणभर मला सुटल्यासारखे वाटले. पण मग आठवला श्रीहर्ष. बाराव्या शतकातल्या ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात त्याने नैयायिकांना एक अडचणीचा प्रश्न घातला आहे. जुगारात एकजण मुठीत कवड्या झाकतो आणि विचारतो, किती? दुसरा उगीच ठोकून देतो, पाच. मूठ उघडली तर पाचच. आता त्या माणसाला कवड्या किती हे ‘ठाऊक’ होते काय? बोलला ते वस्तुस्थितीला धरून आहे, तरी त्याला ज्ञान म्हणवत नाही. आपल्याकडे याला काकतालीय न्याय म्हणतात: कावळा बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ. माझे उत्तर ही अशी झाकली मूठ होती. फरक एवढाच, की जुगाऱ्याने निदान खेळ म्हणून अंदाज केला. मी शिक्षकाच्या खुर्चीवरून केला आणि वर ‘पुष्कळ चित्रांत’ अशी खोटी पावतीही दिली. सत्य सांगणे ही एक गोष्ट आणि आपल्या तोंडून निघालेले नंतर सत्य ठरणे ही दुसरी. मी दुसऱ्या गोष्टीचे श्रेय पहिलीच्या नावावर जमा करायला निघालो होतो.

बरे, मग पोर्शियाचा खरा गळा कोणता? नाटक १५९६-९७ च्या सुमाराचे, पोर्शिया व्हेनिसजवळच्या काल्पनिक बेलमॉन्टची, अविवाहित. व्हेनिसमध्ये १५९० साली टिशियनच्या नात्यातल्या चेझारे वेचेल्लियो याने देशोदेशींच्या वेषांचे सचित्र पुस्तक छापले. त्यात तो सांगतो की व्हेनिसमधल्या चांगल्या घरच्या उपवर मुली बाहेर पडताना चेहरा आणि छाती दोन्ही झाकणारे रुंद रेशमी वस्त्र घेतात. खोल, रुंद गळे त्या शहरात प्रसिद्ध होतेच. पण उपवर मुलीचे झाकलेले राहणे हेच तिचे लक्षण होते. याउलट १५९८ मध्ये इंग्लंडात आलेला पाउल हेन्ट्झनर हा जर्मन प्रवासी ग्रीनिचच्या राजवाड्यात एलिझाबेथ राणीला पाहतो आणि लिहितो, की तिची छाती उघडी होती, कारण इंग्रज स्त्रिया लग्न होईपर्यंत अशीच ती ठेवतात. त्याच्या आदल्या वर्षी आलेल्या फ्रेंच वकिलानेही तिच्या उघड्या गळ्याची नोंद केली आहे. राणी तेव्हा चौसष्ट वर्षांची होती. तो गळा निर्लज्जपणाचा नव्हता. चौसष्टाव्या वर्षीही मी कुमारिका आहे, कुणा राजाच्या आधीन नाही, हे वकिलांना सांगणारा तो राजकीय गळा होता.

व्हेनिसमध्ये झाकलेले ते कौमार्य, लंडनमध्ये उघडे ते कौमार्य. आपल्या दुभाषी वाचकांना याचे नवल वाटू नये. आपण मराठीत ‘अवसर’ म्हणतो तेव्हा सवड किंवा संधी असते; गल्लीच्या पलीकडच्या घरात कन्नडमध्ये ‘अवसर’ म्हणतात तेव्हा घाई असते. अक्षरे तीच. ज्याला एकच भाषा येते तो दुसऱ्याला अडाणी ठरवून मोकळा होतो. गळ्याची खोली इंचांत मोजता येते. तिचा अर्थ मात्र त्या गावात राहिल्याशिवाय कळत नाही. प्रवासी लोक इथेच घसरतात. १६०८ मध्ये व्हेनिसला गेलेला टॉमस कोर्याट हा इंग्रज तिथल्या सवाष्णी, विधवा, कुमारिका अशा जवळजवळ सगळ्याच उघड्या छातीने फिरतात असे लिहितो, आणि त्याच दमात काहीजणी वर तलम कापड घेतात हेही नोंदवतो. वेचेल्लियो त्या गावचा रहिवासी होता, त्याला ते कापड आधी दिसते. परक्याला आधी दिसते ती त्वचा. आपल्या जवळचेच उदाहरण हवे असेल तर लिन्स्खोटेनचे घ्या. गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून हा डच तरुण १५८३ पासून सुमारे पाच वर्षे गोव्यात होता. १५९६ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात तो तिथल्या पोर्तुगीज आणि मिश्र घराण्यांतल्या स्त्रियांच्या घरातल्या ‘बाजू’ नावाच्या अंगरख्याबद्दल लिहितो, की तो इतका तलम असे की अंग दिसावे. दमट हवेचा आणि त्या कापडाचा संबंध आपल्याकडच्या कुणाही आजीने त्याला सांगितला असता.

शिवाय शेक्सपिअरच्या रंगभूमीवर पोर्शिया स्त्री नव्हतीच. आवाज न फुटलेला मुलगा ते काम करायचा. त्याचा गळा कसा बेतला होता, तो किती भरला होता, हे सांगणारा एकही कपडा उरलेला नाही. म्हणजे शिवणाच्या बाईंना मी आज बेत द्यायचा म्हटला, तर असा देईन: चौकोनी रुंद गळा, आत पांढऱ्या सदऱ्याची किनार, वर खांदे झाकणारे पार्टलेट, आणि घराबाहेरच्या प्रसंगात डोक्यावरून तलम रेशीम. मुलीचे चित्र खरे ठरले असते, आणि पहिल्या रांगेलाही बोट दाखवायला जागा उरली नसती. तिला आणि मला दोघांनाही हवे होते ते त्या काळातच तयार होते. दोन तास ग्रंथालयात बसलो असतो तर मिळाले असते. मी दोन मिनिटांत उत्तर दिले.

मागच्यांना आपल्या सोयीचे कपडे चढवणारा मी पहिला नव्हे. मायकेलअँजेलो १५६४ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी दानिएले दा व्होल्तेर्रा याला त्याच्या ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रातल्या नग्न आकृत्यांवर वस्त्रे रंगवावी लागली. रोमच्या लोकांनी त्याला ‘चड्ड्या रंगवणारा’ असे नाव पाडले, ते आजतागायत टिकून आहे. त्या बिचाऱ्याबद्दल मला सहानुभूती आहे. त्याने झाकले, पण चोरून नाही. सगळ्या शहराला ठाऊक होते की हे कापड मूळचे नव्हे. १९९० ते १९९४ या काळात ते चित्र स्वच्छ केले, तेव्हा नंतरच्या शतकांतली पुष्कळ वस्त्रे पुसली, परंतु व्होल्तेर्राची ठेवली. आता तीही इतिहासच झाली होती. दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या पिट्सबर्गचे. तिथल्या कार्नेगी संग्रहालयात एलिओनोराचे म्हणून एक देखणे चित्र होते. २०१४ मध्ये तपासणीत निघाले की एकोणिसाव्या शतकात कुणीतरी जुन्या चित्रावर नवा, गोड चेहरा रंगवला होता, हात नाजूक केले होते, हातातले भांडेही झाकून टाकले होते. वरचा रंग काढल्यावर खालून एलिओनोराची मुलगी इझाबेला मेदिची बाहेर आली: थोराड, जाड हातांची, अजिबात गोड नसलेली. जिने ते चित्र काढवून घेतले तिला स्वतःचे तेच रूप मान्य होते. शे-दीडशे वर्षे तिला तिच्याच चौकटीतून घालवून दिले होते, आणि पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

चित्रपटवाले नेमके उलट करतात. पार्टलेट काढून टाकतात, सदऱ्याची किनार खाली ओढतात आणि त्याला ऐतिहासिक म्हणतात. तिकीट खपते. मी झाकले म्हणून माझे काम सोवळे आणि त्यांचे ओवळे, असे मला पूर्वी वाटत असे. आता वाटत नाही. दोघांनीही त्या बाईला विचारले नाही, आणि ती आता बोलू शकत नाही याचा दोघांनीही फायदा घेतला.

व्हरांड्यातल्या तसबिरीचे काय करायचे, हा प्रश्न सहा वर्षे तसाच होता. छायाचित्र काढून टाकावे असे एकदा मनात आले. पण मग मीच रंग चढवणारा ठरलो असतो. मूळ ओळ खरवडली नाही, कारण ती लिहिणाऱ्याचे अक्षर सुंदर आहे आणि त्याला माहिती पुरवणारा मी होतो. यंदा जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी त्या ओळीखाली एक चिठ्ठी चिकटवली: ‘पोशाखाचा गळा त्या काळच्या चित्रावरून घेतलेला नाही. तो शिक्षकांच्या सूचनेवरून बंद केला. पोर्शियाचे काम करणाऱ्या विद्यार्थिनीने काढलेला मूळ नमुना चौकोनी गळ्याचा होता आणि तो इटलीतील तत्कालीन चित्रांशी अधिक जुळतो.’ खाली माझी सही आहे.

तिसऱ्याच दिवशी आठवीतला एक मुलगा ती चिठ्ठी वाचून माझ्या खोलीच्या दारात आला. ‘सर, मग ते मूळ चित्र कुठे आहे?’

ते मी ठेवले नव्हते. त्याला तसे सांगितले.